भरती ओसरेपर्यंत

अंदमानहून परत आल्यापासून दुकानात येणारा जो तो मला एकच विचारतो, "शेठ, झालं कसं ते?" तिथलं जंगल कसं आहे, समुद्र कसा आहे, हे कोणी विचारत नाही. विचारणार तरी कसं? आम्ही चौघं गेलो होतो आणि तिघं परत आलो. पण मला दोन्ही सांगायचं आहे. वासुदेव त्या जंगलात जितका खूश होता तितका मी त्याला उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तेही या हकिकतीत आलंच पाहिजे.

वासुदेव धनजचा शेतकरी, मी कारंज्याचा कापड दुकानदार. शाळेसाठी तो एसटीनं कारंज्याला यायचा, तेव्हापासूनची आमची दोस्ती. आम्ही जैन, घरात कांदा येत नाही. हा आमच्या ओट्यावर बसून खिशातून कच्चा कांदा काढायचा, बुक्कीनं फोडायचा आणि भाकरीबरोबर खायचा. माझी आई आतून ओरडायची आणि मग त्यालाच ताकाचा गिलास आणून द्यायची.

त्याला चालण्याचं वेड होतं. पहाटे उठून सोहोळच्या माळावर काळविटं बघायला जायचा, अधूनमधून मलाही ओढून न्यायचा. मुलीचं लग्न होऊन गेलं होतं, मुलगा नीलेश पुण्याला कारखान्यात लागला होता. तूर घरात आली तशी एक दिवस तो दुकानात आला आणि गादीवर बसल्या बसल्या म्हणाला, "अशोक, समुद्राच्या मंधात डोंगर हाये म्हणते, आन डोंगरावरचं जंगल सीधं पाण्यात उतरते. चाल ना बे, पाहून येऊ. आता नाई तं मंग कवा?"

माझी बायको शोभा आणि त्याची बायको कुसुम, दोघी एका दिवसात तयार झाल्या. ज्वारीचं पीठ, तिळाची चटणी, मुगाच्या वड्या, सगळं बांधून घेतलं. नागपूर, कलकत्ता आणि पोर्ट ब्लेअर. विमानाचं काही सांगण्यासारखं नाही.

पोर्ट ब्लेअर

आमच्यापैकी समुद्र फक्त मी पाहिला होता, तोही माल घ्यायला मुंबईला गेलो असताना, घाईत. हा समुद्र वेगळा होता. काठाशी हिरवा, पुढं निळा आणि त्याच्याही पुढं शाईसारखा. कुसुमवहिनींनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकल्या.

"इतकं पानी," त्या म्हणाल्या, "आन एका ढोराच्याही कामाचं नाई."

तिथं घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. संध्याकाळी पाच वाजले की दिवस मावळायला लागतो. मी सूर्यास्ताआधी जेवणारा माणूस, त्यामुळे दुपारचा चहा प्यायच्या वेळी माझं रात्रीचं जेवण. वासुदेवला त्याची मोठी मजा वाटायची. तो माझ्यासमोर माशाचं कालवण घेऊन बसायचा. "तू पाप-पुण्य पाह्य," म्हणायचा, "मी काटे पाह्यतो."

काळीपूर

उत्तर टोकाला दिगलीपूर आणि त्याच्याजवळ समुद्रकाठी काळीपूर. पोर्ट ब्लेअरहून तिथं जायला अख्खा दिवस लागतो. रस्त्याचा मोठा तुकडा राखीव जंगलातून जातो आणि तिथं गाड्या ठरलेल्या वेळेलाच, एकत्र सोडतात. ती वेळ चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. पुढं खाडीवर गाडी बोटीत चढवायची. हे सांगून ठेवतो, कारण नंतर आम्हाला ह्याच रस्त्यानं अडवलं.

आम्ही एका बंगाली बाईंच्या घरी उतरलो. सगळे त्यांना काकीमा म्हणायचे. त्यांच्या घरी बटाटा नाही असा पदार्थच नाही. मी बटाटा खात नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. शेवटी शोभानं त्यांच्या चुलीवर भाकऱ्या थापल्या. काकीमांनी हातावरची भाकरी गोल फिरताना पाहिली आणि शेजारणींना हाक मारून बोलावलं. त्या दिवशी त्या अंगणात वऱ्हाडची भाकरी आणि बंगालचं मोहरीचं तेल एका ताटात होतं आणि आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो.

सकाळी किनाऱ्यावर गेलो. वाळू करडी, राखेसारखी. वाळूत मोठ्या चाकाचे माग उमटले होते. "ट्रॅक्टर कोनं आनला इथं?" वासुदेवनं विचारलं. ते समुद्री कासवाचे माग होते. कासव अंडी घालायला वर येऊन परत पाण्यात गेलं होतं. मागाच्या शेवटी खड्डा होता. कुत्र्यांनी तो उकरला होता आणि फाटलेल्या अंड्यांची टरफलं सगळीकडे पसरली होती. कुसुमवहिनी खाली बसल्या आणि हातानं वाळू ओढून तो खड्डा बुजवू लागल्या. आत काही उरलेलं नव्हतं, तरी त्यांनी तो पुरता बुजवला.

त्या संध्याकाळी वासुदेवनं वहिनींकडं ग्यासची गोळी मागितली. मासे जास्त झाले असतील, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं.

सॅडल पीक

सॅडल पीक हा अंदमानातला सगळ्यात उंच डोंगर. वनखात्याच्या चौकीवर नावं द्यायची, वाटाड्या घ्यायचा आणि निघायचं. आमचा वाटाड्या निमाई, पन्नाशीचा, काटक, बोलताना सारखा टोपी काढून घालणारा. उजाडता उजाडता निघालो. वाट आधी समुद्राच्या काठानं जाते. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला जंगल, मधे वाळू आणि गोल गुळगुळीत धोंडे. दोघी बायका ओढ्यापर्यंत आमच्याबरोबर आल्या. तिथं एक ओढा समुद्राला मिळतो. सकाळी पाणी घोट्याएवढं होतं. काठावर मगरीचं चित्र असलेली पाटी होती.

शोभाचे गुडघे दुखतात, म्हणून त्या दोघी तिथूनच चौकीवर परतणार होत्या. कुसुमवहिनींनी वासुदेवच्या पिशवीत पाण्याची आणखी एक बाटली कोंबली.

"पानी पेत जा. आन जास्त तोरा दाखवू नोका चढाचा."

"येतो ना व, दुपारच्या भाकरीले," तो म्हणाला आणि पँट वर करून ओढ्यात शिरला.

जंगलात शिरल्यावर समुद्राचा आवाज एकदम बंद झाला. कोणी दार लावून घ्यावं तसा. आपल्याकडच्या रानात उन्हाळ्यात आभाळ दिसतं, इथं आभाळ नव्हतंच. गर्जन नावाची झाडं सरळ वर गेलेली, खाली त्यांच्या मुळ्या भिंतींसारख्या उभ्या. वासुदेव अशा एका मुळीच्या आडोशाला जाऊन उभा राहिला तर फक्त त्याचं डोकं दिसत होतं. "अबे, इथं बैलजोडी बांधता येते!" तो आतून ओरडला. पानांखालच्या ओलीत जळवा होत्या. त्याच्या पोटरीला एक चिकटली, तर त्यानं ती मला मुद्दाम दाखवली आणि न मारता काडीनं बाजूला सोडली. "तुह्याबरोबर हाये म्हनून," म्हणाला. मग एक काळा कुळकुळीत, लाल तुऱ्याचा सुतारपक्षी दिसला. तो उडून जाईपर्यंत वासुदेव हललाही नाही. तोंड उघडं टाकून लहान पोरासारखा बघत राहिला.

चढ खडा झाला तशी वेताच्या काटेरी वेली कपडे ओढू लागल्या. वासुदेव पुढं होता. तो थांबला आणि एका खोडाला टेकला.

"थांब जरासा. ग्यास झाला."

मी जवळ गेलो. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि हात लावला तर तो गार लागला. निमाईनं टोपी काढली. "दादा, वापस चलो. पहाड कहीं भागेगा नहीं।"

वासुदेवनं वर पाहिलं. झाडांच्या फटीतून थोडा उजेड दिसत होता, शिखर अजून बरंच वर होतं. हा माणूस कोणाचं ऐकणारा नव्हता. मला वाटलं, आता वाद घालावा लागणार. पण तो म्हणाला, "चाल, उतरू." तो इतक्या लगेच तयार झाला, तेव्हाच मी घाबरलो.

निमाई पुढून आणि मी मागून धरून त्याला उतरवत होतो. वाटेत एक झरा होता. तिथं तो बसला. तोंड धुतलं, दोन ओंजळी पाणी प्याला.

"छातीवर पाटा ठिवल्यावानी वाटून राह्यलं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पानी लय गोड हाये बे इथचं."

तो माझ्या अंगावर कलला. मला वाटलं, टेकतो आहे.

छाती कशी दाबतात हे मी टीव्हीवर पाहिलं होतं. मी दाबत राहिलो. थकलो की निमाई दाबायचा, मग परत मी. किती वेळ ते सांगता येत नाही. शेवटी निमाईनं माझी दोन्ही मनगटं धरली आणि मला थांबवलं. फोनला रेंज नव्हती. "आदमी लेके आता हूँ," म्हणाला आणि उतारावरून पळत गेला.

मी आणि वासुदेव झऱ्याजवळ राहिलो. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पक्षी बोलत होते, पाणी वाहत होतं, कशालाच काही फरक पडलेला नव्हता. मग मुंग्या आल्या. आधी एक-दोन, त्याच्या हातावर. मी रुमालानं हळूच झटकल्या. आमच्या घरात पाणी गाळून पितात, रात्री दिवा उघडा ठेवत नाहीत, मुंगीवरून पाय उचलून ठेवतात. मुंग्या परत आल्या, रांगेनं, त्याच्या डोळ्यांकडे. मी झटकत राहिलो आणि त्या येत राहिल्या. मग मी त्या मारल्या. बोटानं, तळव्यानं, चपलेनं, दिसेल ती. रडत मारल्या. निमाई माणसं घेऊन आला तेव्हा माझे हात काळे झाले होते.

त्याच्याबरोबर दोघं भाऊ होते, रांचीकडून कधीकाळी मजुरीला आलेल्यांची नातवंडं. त्यांनी बांबू तोडले, ताडपत्री बांधली. दोघं भाऊ, निमाई आणि मी, असे चौघं झालो. वाट एका माणसापुरती, त्यात उतार, पायाखाली मुळ्या. दोनदा मी पडलो. दुसऱ्यांदा त्यातला धाकटा म्हणाला, "चाचा, आप छोड़ो, हम तीन कर लेंगे।" मी सोडलं नाही.

किनाऱ्यावर पोचलो तर ओढा राहिला नव्हता. भरती चढली होती. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी आता खाडीसारखं रुंद, गढूळ, आतल्या आत फिरणारं. मी तसाच पाण्यात शिरायला निघालो. निमाईनं मला कमरेला धरून मागं ओढलं. "खारे पानी का मगर है इधर। एक गया, दूसरा भी जाएगा क्या?"

पलीकडच्या काठावर कुसुमवहिनी उभ्या होत्या.

माणसं आणायला गेला तेव्हा निमाई त्यांना भेटला होता. काय सांगितलंस, असं मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "बोला, दादा गिर गया। और कुछ नहीं बोला। दीदी समझ गई।" चौकीवरून त्या तडक ओढ्यापर्यंत आल्या होत्या. शोभा आणि चौकीवरचा एक माणूस त्यांच्या बाजूला. त्या काहीतरी ओरडत होत्या, लाटांच्या आवाजात शब्द येत नव्हते. आम्ही ताडपत्री वाळूवर ठेवली. त्यांना ती दिसली. हातानं काय खूण करावी, मला कळेना. मी हात जोडले.

त्या पाण्यात शिरल्या. गुडघ्यापर्यंत आल्या, तेव्हा त्या दोघांनी त्यांना धरून मागं नेलं. मग त्या खाली बसल्या, आमच्याकडं तोंड करून. आम्हीही बसलो. मधे ते पाणी.

किती तरी वेळ गेला. शंखात राहणारे छोटे खेकडे वाळूतून ताडपत्रीकडे सरकायचे, आणि तो धाकटा भाऊ त्यांना एकेक उचलून लांब ठेवायचा. सूर्य आमच्या मागं डोंगराआड गेला आणि समुद्र फिका गुलाबी झाला. पोपटांचे थवे ओरडत झाडांवर परतले. इतकी सुंदर संध्याकाळ मी कधी पाहिली नव्हती आणि मला तिची शिसारी आली.

अंधारून येता येता पाणी उतरलं. मांडीएवढ्या पाण्यातून आम्ही त्याला पलीकडं नेलं. ताडपत्रीचं एक टोक पाण्यात बुडालं. वहिनींनी त्याच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं, बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या पायांना हात लावला.

"पाय ओले झाले ह्यायचे," त्या म्हणाल्या आणि पदरानं पुसायला लागल्या.

दिगलीपूर

सरकारी दवाखाना, पोलीस, जबाब, सह्या. सगळे नीट वागले. हृदयाचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. खरा प्रश्न त्यानंतर आला. देह विमानानं न्यायचा तर आधी पोर्ट ब्लेअरपर्यंत तोच दिवसभराचा रस्ता, तिथं पेटी आणि कागदपत्रं, मग कलकत्ता, नागपूर आणि धनज. नीलेश पुण्याहून निघायच्या तयारीत होता. पण तो पोर्ट ब्लेअरला पोचेपर्यंत जंगलातल्या गाड्या सुटून गेल्या असत्या. म्हणजे परवा संध्याकाळ.

फोनवर तो ओरडत होता, बाजूला उभ्या असलेल्या मला ऐकू येत होतं. "मी येऊन राह्यलो ना! मी येल्याबिगर कोनी हात लावाचा नाई!"

वहिनींनी फोन माझ्या हातात दिला आणि डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, मले खरं सांगा. परवालोक राह्यतीन काय हे?" परवापर्यंत देह राहील का, असं मी हिंदीत विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली, मुश्किल आहे म्हणाले.

त्यांनी फोन परत घेतला. "नीलेश, आयक. बाप तुहा हाये, पन नवरा माहा हाये. मी त्यायले सडू देनार नाई." पलीकडून तो काय बोलला, ते मला ऐकू आलं नाही. वहिनी ऐकत राहिल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या, "माह्यावर राग धर. धरजो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या स्मशानात त्याला नेलं. आपल्याकडं बाभळीची लाकडं असतात, तिथं कोणाच्या तरी पाडलेल्या घराच्या लाल तुळया होत्या. बंगाली पुरोहितानं मंत्र म्हटले. शब्द ओळखीचे, चाल परकी. काकीमा आल्या, शेजारणी आल्या, ते दोघं भाऊ आले. अग्नी कोण देणार, असं पुरोहितानं विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढं व्हायच्या आत वहिनींनी हात पुढं केला. धनजला बाया स्मशानात पाऊलही ठेवत नाहीत. त्यांनी अग्नी दिला.

अस्थी समुद्रात सोडा, इथं तसंच करतात, असं कोणीतरी सुचवलं. वहिनी नाही म्हणाल्या. "हाडं तरी घरी नेतो." विमानात मडक्याची पिशवी त्यांनी पायाशी ठेवू दिली नाही. हवाईसुंदरीनं वरच्या कप्प्यात जागा करून दिली, आणि नागपूर येईपर्यंत वहिनी मान वर करून त्या कप्प्याकडं बघत होत्या.

धनज

नागपूरला नीलेश आला होता. त्यानं आईच्या हातातून पिशवी घेतली. माझ्याकडं पाहिलं नाही. तेरवीच्या दिवशी, भरल्या मांडवात, तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "काका, तुमी तं त्यायचे दोस्त होते. दोन दिवस थांबवता नाई आलं? मले बापाचं तोंड पाहू देल्लं नाई तुमी लोकायनं." वहिनी आतून आल्या आणि म्हणाल्या, "त्यायले काहून बोलतं? म्या ठरवलं." त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. सुटी संपली तसा पुण्याला गेला.

वहिनी कारंज्याला आल्या की दुकानात येतात. शोभा वरून चहा पाठवते. वहिनी मला जंगल विचारतात, कारण त्या ओढ्यापलीकडं गेलेल्या नाहीत. झाडं केवढी होती, पक्षी कोणता, पाणी खरंच गोड होतं काय. मी पुन्हा पुन्हा सांगतो. कधी रडतात, कधी नुसत्या ऐकतात. एकदा म्हणाल्या, "मले वाटते, चुकली मी. मंग वाटते, नाई चुकली. रोज उठून हेच."

पेरणीच्या आधी नीलेश शेताचं बघायला गावी आला. एका दुपारी दुकानात माल लावत होतो तर तो दारात उभा. मी बस म्हटलं. तो गादीवर नाही, बाहेरच्या बाकावर बसला. पोऱ्याला मी चहा सांगितला, चहा आला आणि तसाच निवत राहिला. मग नीलेशनं विचारलं,

"काका, तुमी त्यायले खांद्यावर आनलं, आई सांगे. जड होते काय ते?"

खोटं सांगायची इच्छा झाली. सांगता आलं नाही.

"जड होता रे, बाबू. उतार होता, वाट नव्हती. चौघांना झेपत नव्हता."

त्यानं मान खाली घातली. हात गुडघ्यांवर होते, बापासारखेच रुंद.

"मले एकट्याले झेपले असते," तो म्हणाला.